अर्डिसबाईंची दोन मिनिटं

मी एक दिवा बोलतोय. मिनेसोटाच्या विधानभवनात, आरोग्य समितीच्या खोलीत, साक्ष द्यायला येणाऱ्यांच्या टेबलावर माझी जागा. हिरवा झालो की बोला, पिवळा झालो की आवरतं घ्या, लाल झालो की उठा. माणशी दोन मिनिटं.

माझा जन्म ओहायोतल्या कारखान्यात झाला. माझी काही भावंडं शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना गेली, मजेत आहेत. मी पडलो राजकारणात. समितीच्या कारकून लव्हॉन बाक्के यांचं बोट माझ्या बटणावर असतं आणि दर सोमवारी त्या मला बाहीनं पुसतात.

विमा कंपन्यांचे वकील मला पाठ आहेत. मी पिवळा होतो न होतो तोच त्यांचं 'धन्यवाद' येतं. खरी पंचाईत साध्या माणसांची. इकडच्या लोकांना तक्रार करताच येत नाही. पाय मोडलेल्याला विचारलं तरी 'तसं बरं आहे' म्हणेल. आणि ही खोली बांधलीय तक्रारी ऐकायला. आता बोला.

गेल्या वर्षी इथं एक विधेयक आलं. राज्याचा स्वतःचा आरोग्य विमा आजवर फक्त कमी कमाईवाल्यांना मिळायचा. तो हप्ता भरून कुणालाही घेता यावा, एवढंच त्यात होतं. पण खोलीत असं रण माजलं की विचारू नका. एक म्हणे, सरकार डॉक्टरच्या खुर्चीत बसणार. दुसरा म्हणे, विमा कंपन्या आमच्या उरावर बसल्यात त्याचं काय? बसण्यावरूनच सगळं भांडण. मी आपला रंग बदलत होतो.

तेवढ्यात अर्डिस सोलबर्ग आल्या. वय एकसष्ट. तळ्याकाठी त्यांचं गळाला लावायच्या मासळीचं दुकान. उजवा खुबा पार झिजलेला, डॉक्टर म्हणतात बदला. पण त्यांचा विमा असा, की पहिले आठ हजार डॉलर स्वतःच घालायचे, मग कंपनी डोळे उघडणार. केंद्र सरकारचा विमा पासष्टाव्या वर्षी. म्हणजे चार वर्षं लंगडायचं, नाहीतर हे विधेयक.

मी हिरवा झालो.

"आधी थँक यू हं, एवढ्या कामातून वेळ काढलात," अर्डिसबाई म्हणाल्या. "रस्ता ठीक होता. थोडं बर्फ होतं, पण फार नाही. मागं लिंबाच्या वड्या ठेवल्यात, सगळ्यांनी घ्या. त्या डब्याचं झाकण जरा घट्ट आहे."

झाकणापर्यंत मी पिवळा. माझा जीव नुसता तीळ तीळ तुटत होता. बाई, खुब्याचं बोला ना.

समितीतले आमदार गॉर्डन नेसवोल्ड त्यांच्याच गावचे, दुकानाचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. विधेयकाला त्यांचा विरोध होता. सरकारी विमा इस्पितळांना पैसे कमी देतो, आपलं छोटं इस्पितळ बंद पडेल, ही त्यांची धास्ती. ती खोटीही नव्हती.

"अर्डिस, खुबा कसा आहे गं?"

"चाललंय की."

"म्हणजे फार त्रास नाही?"

"तसा नाही रे. ज्यांना जास्त आहे त्यांचं आधी बघा."

विमा कंपनीच्या वकिलानं 'फार त्रास नाही' हे शब्द लगेच लिहून घेतले. मी लाल झालो, आणि बाईंना खुर्चीतून उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. सगळी खोली भिंतींकडे बघू लागली, कारण इथं दुसऱ्याची अडचण दिसणं म्हणजे उद्धटपणा. शेवटी गॉर्डननीच येऊन हात दिला.

"तू बस रे, तुझी कामं खोळंबतील," तो हात धरून उभ्या राहत बाई म्हणाल्या.

विधेयक वर्षभर पुढं ढकललं गेलं.

यंदा त्या दोन काठ्या घेऊन आल्या. वड्या आणल्या नव्हत्या. लव्हॉनबाईंनी बटण दाबलं. अर्डिसबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दुखतंय."

मग त्यांनी काठ्या टेबलाला टेकवून ठेवल्या.

"जिना चढत नाही आता. खाली दुकानातच झोपते, मासळीच्या टाक्यांशेजारी. मला अजून तीन वर्षं थांबवत नाही."

एवढंच. दीड मिनिट शिल्लक होतं. कुणाला त्याचं काय करावं कळेना.

"आणि आपलं इस्पितळ बंद पडलं तर?" गॉर्डन हळूच म्हणाले.

"तर तेही वाचव की. मी एक दुखणं सांगितलं म्हणून दुसऱ्यावर इलाज करायचा नाही असं थोडंच आहे?"

मतदानाच्या वेळी गॉर्डननी आधी अर्डिसबाईंच्या टेबलाकडे पाहिलं, मग 'हो' म्हटलं. एका मतानं विधेयक इथून सुटलं.

पण पुढं अजून तीन समित्या आहेत, आणि तिथल्या टेबलांवर माझेच तीन भाऊ. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. ही बाई आली की जरा दमानं घ्या रे. 'दुखतंय' म्हणायला तिला बासष्ट वर्षं लागलीत.