तिरपागड्या शाळेतली रडूबाई

पट्ट्या सदतीस, त्यांत पांढऱ्या बावीस, काळ्या पंधरा. पट्ट्यांच्या खाली पितळेचे चौऱ्याहत्तर सूर, म्हणजे वाजणाऱ्या पातळ पात्या. पुढे सात खुंट्या, त्यांतल्या दोन मोडलेल्या. मागे एक भाता. भात्याला उंदराने पाडलेली दोन भोके. एकावर चामड्याची चकती, दुसरे उघडे. झाकणावर घोंगडीचा तुकडा, आणि घोंगडीवर धूळ.

मित्रांनो, ही मी. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. विंझरच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे. तिथल्या बुद्धविहाराच्या कोपऱ्यात माझी जागा आहे. माझ्या शेजारी आता कर्ण्याचा डबा आणि तबकड्या वाजवायचे यंत्र असते. चौदा एप्रिलला ते यंत्र बाहेर नेतात, मला नेत नाहीत. एके काळी मुंबईच्या टीव्हीवर मुले मला पाहून पोट धरून हसत. हे सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. या वस्तीतल्या कोणीही ते पाहिलेले नाही.

माझा जन्म पुण्याचा. सागवानी फळ्या तासून, सूर कानाशी धरून घासत एका कारागिराने मला घडवले. वस्तीच्या गायन पार्टीने मला विकत घेतले आणि एस.टी.च्या टपावर बांधून आणले. पार्टीचे प्रमुख गेनबा. त्यांचा आवाज उंच आणि धारदार होता. ते काळी दोन या पट्टीत गात. म्हणजे माझी डावीकडून सातवी काळी पट्टी हा त्यांचा 'सा' होता. त्या एका पट्टीवर माझी निम्मी रात्र जाई. मला तेव्हा फार मान होता. सकाळी विहार झाडला की पहिल्यांदा माझ्यावरचे कापड झटकले जाई.

पण आमच्या वेल्हे तालुक्याचा पाऊस कोणाचा मान ठेवत नाही. चार महिने भिंती पाझरतात, गोधड्या वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. म्हणून पावसाळ्यात मला धोंडाबाईंच्या घरी ठेवायचे ठरले. धोंडाबाई विधवा होत्या. त्यांचा मुलगा सावळाराम माझ्यावरच वाजवायला शिकला आणि पुढे मुंबईला गेला. आमच्या भागात बियाणे, मिरच्या, वाकळा असे जे जे जपायचे ते चुलीच्या वर आढ्याला टांगतात. धोंडाबाईंनी मलाही तसेच टांगले. रोज दोन वेळा खालून ऊब यायची. एक थेंब माझ्यापर्यंत पोचला नाही. कोरडी राहिले, अगदी खडखडीत कोरडी राहिले.

पट्टीच्या मागच्या टोकाला, आतल्या बाजूने, एक चामडे असते. बोट उचलले की ते भोकावर बसते आणि सूर थांबतो. चार पावसाळे चुलीवर काढल्यावर माझ्या सातव्या काळ्या पट्टीचे चामडे वाळून वळले. ते नीट बसेना. बोट उचलले तरी सूर चालूच राही. भाता रिकामा होईपर्यंत मी रडल्यासारखी वाजत राही.

पहिल्यांदा हे घडले ते भर कार्यक्रमात. गेनबांनी गाणे संपवले, हात जोडले, आणि मी रडतच राहिले. पाहुणे हसले.

"वयनी, पेटी जपायला दिली व्हती का भाजायला?" गेनबा धोंडाबाईंना सगळ्यांसमोर म्हणाले.

"तुमीच म्हनला व्हता, भावजी, थेंब लागू दिऊ नका. लागला का थेंब?"

"थेंब न्हाई लागला. पर माझा 'सा' गेला की!"

 त्या दिवसापासून धोंडाबाई विहारात मागे, दाराजवळ बसू लागल्या. कोणी वांगी भाजायला घेतली तरी बायका म्हणत, "धोंडाबाईकडं द्या, चांगली भाजंल." त्याही हसत. पण कोणी नसताना माझ्याजवळ येत आणि ती पट्टी बोटाने हळूच वर उचलून बघत.

पुढच्या उन्हाळ्यात सावळाराम आला, तेव्हा गेनबांनी मला त्याच्याकडे दिले. म्हणाले, "मुंबईला चांगलं कारागीर हायेत. ही नीट करून आन. तवर मी मागून आनलेल्या पेटीवर भागवतो."

सावळाराम मुंबईत मुलांच्या नाटकांना साथ करायचा. मला दुरुस्त करायला त्याला सवड मिळण्याआधीच एका प्रयोगात ती पट्टी अडकली. नाटकातला राजा मेला होता, सगळे गंभीर होते, आणि मी थांबेना. सावळाराम घाबरला. मग त्याने मलाच दटावले, "ए रडूबाई, गप! राजा तुझा का माझा?" सारे नाटकघर हसले. त्या दिवशी टीव्हीवर काम करणारे एक गृहस्थ तिथे बसले होते. पुढच्याच महिन्यात आम्ही दोघे टीव्हीवर गेलो.

कार्यक्रमाचे नाव होते 'तिरपागडी शाळा'. सावळाराम तिचा गुरुजी. सदरा उलटा घालायचा, गुंड्या पाठीवर. नकाशा खाली डोके वर पाय टांगलेला. हजेरीला जो 'गैरहजर' म्हणेल तोच हजर. खुर्चीला तीन पाय, म्हणून चौथ्या पायाच्या जागी एक विद्यार्थी बसायचा आणि त्याला खुर्चीचे गुण मिळायचे. शेवटी गाणे व्हायचे. गाण्याच्या शेवटी सावळाराम माझा भाता पूर्ण भरायचा, ती पट्टी दाबायचा आणि बोट उचलायचा. मी रडू लागायचे. तो मला बिस्कीट द्यायचा, अंगाई म्हणायचा, माझ्यावर चादर घालायचा, शेवटी माझ्यावर बसायचा. मुले मोठ्याने मोजायची, एक, दोन, तीन! माझे रडणे ज्या आकड्यावर थांबेल तितक्या उड्या गुरुजींनी मारायच्या. सगळ्यांत मोठी मोजणी एकोणीस झाली. त्या दिवशी सावळाराम एकोणिसाव्या उडीला खाली पडला आणि दिवे विझेपर्यंत मुले हसत होती.

मित्रांनो, माझ्यात एकच खोड होती, आणि मुले त्या खोडीचीच वाट पाहत. मी तेव्हा स्वतःला फार सुखी समजत होते.

वस्तीवर ही बातमी मुंबईहून आलेल्या एका गाववाल्याने पोचवली. पुढचे मी पाहिले नाही. ते मला नंतर कळले, कारण पेटीजवळ बसून माणसे सगळे बोलतात.

गेनबा चिडले. "नीट करायला दिली, तर त्यानं तिचा तमाशा मांडला! आपल्या पेटीला जग हसतंय."

धोंडाबाईंनी विचारले, "कोन हसतंय?"

"पोरं. मुंबईची."

"कोनच्या पट्टीला हसत्यात?"

"त्याच की. तुमी भाजलेल्या."

 धोंडाबाई म्हणाल्या, "मला बगायचंय, भावजी. एकदा डोळ्यानं बगायचंय."

तेव्हा सिंहगडावर टीव्हीचा मनोरा नवा उभा राहिला होता. पण आमच्या वस्तीवर वीजच नव्हती, मग संच कुठला? भोरला एका वाचनालयात संच होता. हा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी लागतो, एवढे गाववाल्याने सांगितले होते. पण भात काढणी चालू होती. मग मळणी आली. मग पेंढा रचायचा राहिला. एक शनिवार गेला, दुसरा गेला, असे बरेच गेले. शेवटी एका शनिवारी धोंडाबाई नवे लुगडे नेसून निघाल्या. बाईमाणूस एकटे कसे जाणार म्हणून गेनबा कुरकुरत सोबत गेले. नसरापूरला एस.टी. बदलून दोघे भोरला पोचले.

वाचनालयात सतरंजीवर मुले दाटीने बसली होती. धोंडाबाई पुढे जाऊन बसल्या. पडद्यावर एक माणूस संकरित ज्वारीवरच्या किडीची माहिती देत होता.

"ह्यो न्हाई आपला सावळा," त्या म्हणाल्या.

"कळतंय मला. आता यील."

ज्वारी संपली. बातम्या झाल्या. एक बाई गायली. मुले उठून जाऊ लागली. धोंडाबाईंनी शेजारच्या मुलीला विचारले, "बाय, ती उलट्या सदऱ्याची शाळा कवा लागती?"

"ती? ती बंद झाली, आजी. गेल्या शनिवारी पण नव्हती."

"बंद म्हंजी? सुट्टी हाय का?"

"नाही. संपली."

गेनबा म्हणाले, "चला वयनी." पण धोंडाबाई उठल्या नाहीत. संच बंद करून काचेवर पडदा ओढेपर्यंत त्या बसून होत्या. परतीची गाडी निघून गेली होती. दोघांनी रात्र एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली. गेनबा पुढे सांगत, "वाटंत एक सबूद बोलली न्हाई. म्हनलं, भांडा तरी. तर भांडली बी न्हाई."

शाळा का बंद झाली, ते मला माहीत आहे. सात कार्यक्रम झाल्यावर एका बैठकीत कोणी तरी विचारले, 'यातून मुलांनी काय शिकायचे?' तिथेच शाळा बंद करायचे ठरले. त्या काळी चित्रफिती थोड्या असत. म्हणून आमच्या साती फिती पुसल्या आणि त्यांच्यावर दुसरे काही घेतले. आता ती शाळा कुठेच नाही.

होळीच्या आधी सावळाराम मला घेऊन वस्तीवर आला. तो कमी बोलत होता. धोंडाबाईंनी त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "ते काय करत व्हतास, ते मला करून दाव."

"न्हाई व्हत, आये."

"का?"

"एकट्यानं करायचं न्हाई ते. मोजायला पोरं लागत्यात. पुढल्या येळी दावीन."

"पुढल्या येळी तरी पोरं कुठनं आननार?"

 सकाळच्या पहिल्या गाडीने तो मुंबईला गेला. मला विहारात ठेवून गेला.

चौदा एप्रिल जवळ येत होता. गेनबांनी भोरच्या कारागिराला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी येणार होता. नवे चामडे बसवायचे, पट्टी सरळ करायची, आणि गेनबांचा 'सा' परत मिळवायचा.

आदल्या संध्याकाळी धोंडाबाई एकट्याच विहारात आल्या. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले आणि माझ्यापुढे येऊन बसल्या. त्यांनी जन्मात कधी पेटी वाजवली नव्हती. भाता उघडायला त्यांना दोन्ही हात लागले. तो भरेपर्यंत त्यांनी दाबला. मग डावीकडून काळ्या पट्ट्या मोजत सातवीवर आल्या, ती दाबली आणि बोट उचलले.

मी रडू लागले. त्या मोजू लागल्या. पेंढ्या मोजताना मोजतात तसे, सावकाश. "एक. दोन. तीन." मुंबईच्या गलक्यात माझ्या सुराचा शेवट कधी ऐकूच येत नसे. इथे कोणी नव्हते. सूर बारीक होत होत दोऱ्याएवढा झाला, तरी त्यांना ऐकू येत होता. वीस झाले. धोंडाबाईंना विसाच्या पुढे मोजता येत नसे. वीस झाले की त्या पुन्हा एकपासून धरत. "एक. दोन. तीन." सूर थांबला.

"एक इसा आन् तीन," त्या मला म्हणाल्या. आणि हसल्या. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

दारात गेनबा उभे होते. ते कधी आले होते ते मला कळले नाही. धोंडाबाई दचकून उठल्या.

"भावजी, म्या पट्टी मोडली न्हाई हां. जशी व्हती तशीच हाय."

"बगितलं म्या." गेनबा आत आले आणि पट्टी बोटाने वर उचलून जागेवर बसवली. "मुंबईत किती व्हायची म्हनं?"

"सावळा सांगत व्हता, एकोनीस."

"मंग तुमी जिकला की, वयनी."

दुसऱ्या दिवशी कारागीर आला. गेनबांनी त्याच्याकडून भात्याची शिवण घट्ट करून घेतली, सूर पुसून घेतले. तो सातव्या काळ्या पट्टीला हात घालू लागला तेव्हा म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या."

"अहो, तीच तर बिघडलीय!"

"म्हाईत हाय. ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, एका गाण्याला बारा सुरांतले सातच लागतात. रडूबाई पट्टी उरलेल्या पाचांत जाईल असा नवा 'सा' गेनबांनी निवडला, पांढरी एक. तो त्यांच्या गळ्याला खाली पडे. धार गेली, आवाज म्हाताऱ्यासारखा वाटू लागला. ज्या गाण्यांत तो सूर टाळता येईना, ती गाणी त्यांनी सोडून दिली. लोक म्हणाले, गेनबा थकले. त्यांनी कोणाला कारण सांगितले नाही. धोंडाबाई पुन्हा पुढे बसू लागल्या.

दर पावसाळा संपला की त्या एकदा भाता भरून मोजत. मग त्या गेल्या. त्यानंतर गेनबांचे गाणे थांबले. पार्टीतली मुले पुण्याला कामाला गेली. तबकड्यांचे यंत्र आले. मला चुलीवर टांगायला कोणी उरले नाही. आता मला ओल लागते आणि उंदीर भाता कुरतडतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे काही जुने पडले असेल, तर त्याची धूळ पुसा. ते बिघडलेले दिसले तर लगेच नीट करायला धावू नका. आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हे असे कशाने झाले? आणि कोणी 'मला एकदा बघायचंय' म्हणाले, तर काढणी, मळणी थोडी बाजूला ठेवा.

या चौदा एप्रिलला सावळाराम आला होता. त्याचे केस पिकले आहेत. मिरवणूक पुढे गेल्यावर तो एकटा विहारात आला. घोंगडी काढली, भाता पूर्ण भरला, सातवी काळी पट्टी दाबली, बोट उचलले, आणि मोठ्याने मोजले.

अकरा.