दुधनेचा उतार

परतूरच्या गॅरेजात रामेश्वरकडे कापसाचे टेम्पो यायचे, ट्रॅक्टर यायचे. पण सख्ख्या बहिणीची गाडी दोरखंडानं ओढून आणायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली.

शालू जनावरांची डॉक्टर. फिरत्या दवाखान्याची उंच, चारही चाकांना जोर असलेली गाडी घेऊन ती दुधना नदीपलीकडच्या माळावर मेंढ्यांच्या वाड्यांवर जायची. पावसाळ्यात फरशी पूल पाण्याखाली गेला की पलीकडची माणसं आणि मेंढरं जगापासून तुटायची. म्हणून तिनं नदीतल्या जुन्या उतारावरून, मांडीएवढ्या पाण्यातून गाडी काढली होती. पार झाली, पण परतताना गाडी करकरायला लागली आणि परतूरच्या अलीकडेच बसली.

रामेश्वरनं मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या डब्याचा नट सोडला. तेल नव्हे, दुधाच्या चहासारखं पातळ काहीतरी घमेल्यात पडलं.

"पाणी प्यालीय तुझी गाडी."

"पण दादा, इंजिन तर बंदसुद्धा पडलं न्हाई."

"इंजिनाचं सोड. उताराला कुठून आल्ती?"

"अंबडहून. थेट. मधी थांबलेच न्हाई."

"मंग बराबर. खालचं सगळं तापलेलं. तसंच गार पाण्यात घातलं की आतली हवा आकसती, अन् सापडंल त्या फटीतून पाणी वढून घेती. तापलेलं..." बोलता बोलता तो थांबला.

शालूनंच वाक्य पुरं केलं. "तापलेलं जनावर पाण्यात घालायचं न्हाई."

दोघं एकमेकांकडे बघून हसली. हे शब्द धुळाजीचे, त्यांच्या बाचे. बा असेपर्यंत त्यांचं घर म्हणजे मेंढरांमागं चालणारा वाडा होता. दर वर्षी दिवाळी झाली की दुधना ओलांडायची. काठावर आलं की बा सगळी खांड बाभळींखाली थांबवायचा. लहानग्या रामेश्वरला पलीकडे जायची घाई, पण मेंढरांचा श्वास खाली बसेपर्यंत बा हलायचा नाही. मग एकटाच काठी टेकत पाण्यात शिरायचा, तळ चाचपत पलीकडे जाऊन यायचा. शालू त्याच्या खांद्यावर, रामेश्वरची मूठ म्होरक्या एडक्याच्या लोकरीत, आणि सगळ्यात मागे घोड्याचा लगाम धरलेली माय, आसराबाई. घोड्यावर भांडीकुंडी, वर डालग्यात कोंबड्या. लोकर भिजली की तिचा एक उग्र वास सुटायचा. गॅरेजातल्या डिझेलच्या वासातही तो रामेश्वरला आत्ता स्पष्ट आला. बा गेल्यावर मेंढरं धाकट्या चुलत्याकडे, अंगदकाकाकडे गेली होती. नदी तिथंच होती, पण ओलांडायचं कारण उरलं नव्हतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "पाना दे तिकडचा."

काम बरंच चाललं. त्यानं पुढचे-मागचे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स धुऊन काढले, नवं तेल भरलं, तेल गळू न देणारी, कडक झालेली ऑइल सीलं बदलली. एक्सलमधली हवा आत-बाहेर व्हावी म्हणून वर बोटाएवढी टोपी असते, ती पाण्यात बुडायची. टोप्या काढून त्यानं तिथं लांब रबरी नळ्या बसवल्या आणि छतापर्यंत वर नेल्या. इंजिन हवा ओढतं तो पाइपही काचेच्या कडेनं उंच केला. चाकांच्या हबांत ग्रीस ठासलं, वायरींच्या जोडांवर सिलिकॉन थापलं. शालू बाह्या सारून गाडीखाली बॅटरीचा उजेड धरून पडली होती. क्लचच्या खालच्या भोकाला त्यानं पितळी बूच लावलं.

"पाण्यातून भाईर आलो की हे काढायचं," त्यानं बजावलं. "आतलं तेल झिरपायला वाट पाह्यजे. इसरू नको."

आसराबाई भाकरी घेऊन आली तेव्हा गाडीच्या कानशिलाजवळून वर गेलेल्या नळ्या बघून तिनं विचारलं, "हे काय लावून राह्यला?"

"गाडीचं नाक वर काढलंय, माय. उताराला बघायला जायचंय उद्या."

"मी येते."

"पाणी हाय माय तिथं."

"तुला चालाय याच्या आधी मी त्या पाण्यातून गेल्ते," आसराबाई म्हणाली, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तिघं काठावर पोचली. पाणी गढूळ पण संथ होतं. रामेश्वरनं गाडी बाभळींखाली लावली. हात लावून एक्सल कोमट झाल्याची खात्री केल्यावर तो पँट खोचून, काठी घेऊन पाण्यात उतरला. तळ घट्ट होता. मधोमध पाणी कमरेला लागलं. तो तिथंच जरा उभा राहिला. बाची छाती किती रुंद होती, असं त्याला उगाच वाटून गेलं.

"पहिल्या गिअरवर," परत येऊन तो शालूला म्हणाला. "जोरासाठी लो लाव. क्लचला पाय लावायचा न्हाई, थांबायचं बिलकुल न्हाई. अन् जल्दी तर न्हाईच न्हाई."

गाडी पाण्यात शिरली. पुढे पाण्याची एक लाट उठली आणि तिला ढकलतच गाडी निघाली. दारांच्या फटीतून पाणी पायाशी आलं, आसराबाईनं लुगडं वर घेतलं. मध्यावर मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली. शालूचा पाय क्लचकडे गेला.

"न्हाई! तसंच ऱ्हाऊ दे!"

तिनं पाय मागे घेतला. चाकांनी दगड धरला, आणि गाडी हळूहळू चिखल ओकत वर चढली. मागच्या बाकावरून आसराबाईनं मेंढरं हाकलताना काढायचा तसा जिभेचा आवाज काढला. ती रडत होती की हसत, ते रामेश्वरनं आरशात बघितलं नाही.

माळावर अंगदकाकाचा वाडा होता. शालूनं आंत्रविषाराची, मेंढरांच्या पोटाच्या रोगाची, लस टोचायला घेतली. आसराबाई तिला मेंढरं धरून देत होती. कान आणि मागची तंगडी, जुन्या सवयीनं. अंगदकाकाची बायको, कांताबाई, आसराबाईला बिलगून कुजबुजत होती. तोवर रामेश्वरनं बूच काढलं आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं तेल, हबांतलं ग्रीस बोटावर घेऊन बघितलं. मागचं स्वच्छ, गिअरबॉक्स स्वच्छ. पुढच्या डाव्या हबाचं मात्र किंचित पांढुरकं होतं; सीलमधून थोडं पाणी शिरलंच होतं. त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली.

निघायच्या वेळी आसराबाई गाडीत बसेना.

"चार दिस ऱ्हाते हितं," ती म्हणाली. तिच्या मांडीवर एक काळं कोकरू झोपलं होतं. "रईवारी या मला न्यायला."

"पाणी वाढलं तर?" शालूनं विचारलं.

"मंग उतरल्यावर या."

दोघं परत निघाली. काठावर गाडी थंड होईपर्यंत थांबताना रामेश्वर मागे वळून बघत होता. माय वाड्याच्या मधोमध उभी राहून कुणाला तरी मोठ्यानं रागवत होती, आणि तिचा तो आवाज कितीतरी वर्षांनी इतक्या लांबून ऐकू येत होता.

"रईवारच्या आधी गाडी घेऊन ये," तो शालूला म्हणाला. "डावं सील बदलाया लागंल."