हाकनसन बाईंनी गाळलेला धडा

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट भरून येईल. मी एक जुने, जाडजूड पाठ्यपुस्तक आहे. अमेरिकेच्या साहित्याची कैक वर्षे माझ्या पोटात कोंबलेली आहेत.

ओहायोतल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला आणि नॉर्थ डकोटातल्या एका लहानशा गावच्या हायस्कुलात माझे आयुष्य गेले. दर सप्टेंबरला मी नव्या हातात पडे आणि मे महिन्यात पुन्हा कपाटात जाई. मुलांनी मला उशाला घेतले, खिडकीला टेकू म्हणून लावले, एकाने तर मला आपटून माशी मारली. वाचलेही, अधूनमधून.

सगळी वर्षे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. मार्लिसचे वर्ष तेवढे लख्ख आठवते.

मार्लिस ओल्सगार्ड बडबडी, नकला करण्यात पटाईत. तिच्या मागे गॅरिट बसायचा. दांडगा, आइस हॉकी खेळणारा, आणि स्वतःचे पुस्तक कायम घरी विसरणारा. शिकवायला हाकनसन बाई. बाईंपुढे कुणी काहीही ठोकून दिले की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "पुरावा? पानावर बोट ठेव बघू." त्या बोटांच्या ठशांनी माझे समास काळे झाले, पण खरे सांगतो, तसा मान मला पुन्हा मिळाला नाही.

फेब्रुवारीत बाईंचे पती आर्ने वारले. बाई काही दिवस आल्या नाहीत. त्यांच्या जागी व्यायामाचे शिक्षक आले. त्यांनी शिट्टी वाजवून आम्हा सगळ्या पुस्तकांना उघडायला लावले आणि कविता कवायतीसारखी म्हणवून घेतली.

मग बाई परतल्या. शिकवणे तेच, आवाज तोच, फक्त त्यातला खट्याळपणा गेला होता. पुढचा धडा होता माळरानावरच्या बायकांनी लिहिलेल्या शोककवितांचा. बाईंनी आपल्याकडची, माझ्यासारखीच, प्रत उघडली, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "हा धडा सोडून देऊ. पुढचं काढा." आजवर त्यांनी एकही धडा गाळला नव्हता.

त्या वर्गाची एक रीत होती. शेवटच्या दिवशी मुलांनी वर्षभराचे सगळे धडे नकला करून दाखवायचे आणि बाईंनी मागच्या बाकावर बसून पोट धरून हसायचे. त्या वर्षी मात्र गॅरिट म्हणाला, "यंदा नको गं. बाईंना कुठलं हसू येणार?"

"मग काय, केक खाऊन गुपचूप घरी जायचं?" मार्लिस म्हणाली. "करायचं म्हणजे करायचं."

पण आदल्या संध्याकाळी तिने मला मांडीवर घेतले. वर्गात गाळलेल्या त्या धड्याची पाने तिने उघडली आणि सावकाश वाचली.

दुसऱ्या दिवशी मार्लिस मला छातीशी धरून फळ्यापुढे उभी राहिली. "सप्टेंबर! अमेरिकेच्या किनाऱ्यावर बोटीतून देवभोळी माणसं उतरली. ती नरकाला भ्यायची, आम्ही चाचणीला. ऑक्टोबर! सगळे स्वातंत्र्यावर भाषणं देत होते, आणि आम्हाला साधी बाथरूमला जायची परवानगी नव्हती. नोव्हेंबर! गोष्टीतल्या कुणाच्या तरी घरात हिरवा पडदा होता. आम्ही म्हटलं, असेल बिचारा. पण नाही! आपल्या साहित्यात पडदा नुसता पडदा नसतो, तो एकटेपणा असतो!"

वर्ग खिदळला. बाई ओठांनी तेवढ्या हसल्या.

"फेब्रुवारी," मार्लिस म्हणाली आणि थांबली. गॅरिटने मान खाली घातली. "फेब्रुवारीत आपण एक धडा सोडला. बाई, मी तो घरी वाचला."

बाई हळूच म्हणाल्या, "काय आहे त्यात?"

"एका बाईचा नवरा जातो. शेजारी रोज तिच्या दारातला बर्फ काढून देतो, पण ढीग भलत्याच बाजूला घालतो. ती त्याच्यावर मनातल्या मनात चिडते. आभार काही मानत नाही."

"पुरावा?"

मार्लिसने मागच्या बाकापाशी येऊन मला बाईंपुढे धरले आणि ओळीवर बोट ठेवले. बाईंनी वाचले. बराच वेळ वाचत राहिल्या.

"माझ्या दारातलाही बर्फ कुणीतरी पहाटे काढून जायचं," त्या म्हणाल्या. "आर्ने उजवीकडे ढीग करायचा. हा माणूस सगळा डावीकडे, माझ्या गुलाबांवर! मला इतका राग यायचा. आणि राग आला म्हणून लाज वाटायची. कोण होतं कुणास ठाऊक."

बाकांमधून खाकरल्याचा आवाज आला. गॅरिटचे कान लालबुंद झाले होते.

"बाई... तो मी. बर्फाखाली गुलाब आहेत हे मला काय माहीत!"

मग बाई हसल्या. अशा हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला, आणि डोळे पुसताना त्या हसतात की रडतात हे मलाही कळेना. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तीन झुडपं गेली माझी!"

केक तसाच राहिला. बाई बाकावरून उठल्या, खडू घेतला आणि तो धडा त्यांनी त्याच तासाला शिकवला. सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठले नाही.

पुढे शाळेत नवी, गुळगुळीत पुस्तके आली. आम्ही खोक्यांत गेलो आणि तळघरात पोहोचलो. माझा कणा सुटला आहे, कडा ओलाव्याने वाकड्या झाल्या आहेत. त्याचे दुःख आहेच. पुस्तकाला कोरडी जागा द्या, त्याने माशा मारू नका, एवढे तर मी मागणारच.

पण मित्रांनो, त्याहून मोठी एक विनंती आहे. एखादे पान वाचवत नसेल तर खुशाल पुढे जा. आम्हाला राग येत नाही. फक्त ते फाडू नका. आम्ही ते तुमच्यासाठी सांभाळून ठेवू. आणि तुमच्या ओळखीचे कुणी तिथेच अडले असेल, तर जरा त्याच्या शेजारी बसा आणि ते पान त्याला मोठ्याने वाचून दाखवा.