राखीव एकशे बारा

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आंबेघोळ वीजकेंद्राची अख्खी कॉलनी राखीव ठेवण्यात आली, आणि तो निरोप सुलभा तोडणकरने स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवला.

आता यात तिची चूक म्हणाल तर सवयीची. डोंगरातली सहा वीजकेंद्रं वीजमंडळ शहरातल्या एका कंट्रोल रूममधून फोनवर चालवतं. कुठलं यंत्र सुरू करून सेवेत घ्यायचं, कुठलं थांबवून तयारीत, म्हणजे राखीव, ठेवायचं, ते तिथून सांगतात. इथल्या ऑपरेटरने निरोप शब्दन्‌शब्द परत म्हणायचा, शेवटी आपलं आडनाव जोडायचं आणि वहीत वेळ लिहायची. तोवर निरोप लागू होत नाही. बावीस वर्षं हेच करून सुलभाची जीभ कानाच्या पुढे धावायला लागली होती. घरी नवरा विलास म्हणाला, "आमटीत मीठ नाही," तर ही म्हणायची, "आमटीत मीठ नाही, तोडणकर," आणि घड्याळाकडे बघायची.

"निरोप क्रमांक सात," शहरातून बोरवणकर साहेब म्हणाले होते. "दोन नंबरचं यंत्र राखीव. कॉलनी, माणसं एकशे बारा, राखीव."

"निरोप क्रमांक सात. दोन नंबरचं यंत्र राखीव. कॉलनी, माणसं एकशे बारा, राखीव. तोडणकर."

फोन ठेवून वेळ लिहिल्यावर तिचा पेन अडखळला. कॉलनी?

ती खिडकीशी गेली. खाली विलास अंगणातल्या नळापाशी तोंडाला साबण लावून उभा होता. नळ चालू होता, विलास बंद होता. शेजारच्या वहिनींच्या हातातली चादर वाऱ्यावर हलत होती, वहिनी हलत नव्हत्या. आणि एसटीच्या थांब्यावर तिची मुलगी मैथिली उभी होती, बॅग पायाशी, एक हात केसांपर्यंत नेलेला.

मैथिलीने नर्सिंग कॉलेजात प्रवेश घ्यायचा आज शेवटचा दिवस. रत्नागिरीची गाडी अकराला, त्यानंतरची थेट संध्याकाळी. पोरगी या घळीतून एकदाची बाहेर पडावी एवढंच सुलभाने अठरा वर्षं मागितलं होतं. आणि आज तिनेच तिला थांबवून ठेवलं.

धावत खाली जावं, तर बदलीचा माणूस आल्याशिवाय ऑपरेटरने जागा सोडायची नसते. बदलीवर येणारा साळगावकर आपल्या घराच्या पायरीवर बुटाची नाडी धरून बसला होता. तिने फोन लावला.

"साहेब, यंत्राचं ठीक आहे. पण माणसं कशी राखीव ठेवता?"

"मागणी कमी आहे, मॅडम."

"माझी मुलगी आहे हो त्यात. तिला अकराची गाडी गाठायचीय."

"मागणी वाढली की घेऊ सेवेत. राखीव माणूस खराब होत नाही."

"मग मी करते ना मागणी!"

"तुम्ही केंद्र आहात, मॅडम. मागणी ग्राहकाकडून येते."

फोन ठेवून तिने स्वतःच निरोप म्हणून पाहिला, "मैथिली सेवेत, तोडणकर." काही झालं नाही. वरून न आलेला निरोप म्हणजे नुसती बडबड. समोर दोन नंबरच्या यंत्राच्या तबकडीवर काटा एकशे बारावर उभा होता. काटा अडकला असेल म्हणून तिने काचेवर टिचकी मारली. खाली कॉलनीभर सगळ्यांच्या पापण्या एकदम लवल्या. तिने पुन्हा टिचकी मारली नाही.

अकराला पाच कमी असताना गाडी आली. गाडी मंडळाची नव्हती, त्यामुळे हलत होती.

"अगो, चढतेस ना? मी किती वाट बघू?" कंडक्टर ओरडला. मग उतरला, तिची बॅग त्याने आत ठेवली, तिच्या दंडाला धरून ओढून पाहिलं. मैथिली तसूभर हलली नाही. कंडक्टर डोकं खाजवत ड्रायव्हरकडे बघत राहिला.

"साहेब, गाडी उभी आहे," सुलभा फोनवर म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "राखीवचा आकडा बदलता येत नाही. तिच्या जागी एक द्या."

"मला ठेवा." बावीस वर्षांत पहिल्यांदा ती आधी विचार करून मग बोलली होती.

"निरोप क्रमांक आठ. मैथिली तोडणकर सेवेत. सुलभा तोडणकर राखीव."

सुलभा खुर्चीत नीट टेकून बसली. वही पुढ्यात ओढली, पेन हातात धरला आणि एकेक शब्द सावकाश परत म्हटला. आडनाव जोडलं, रिसीव्हर जागेवर ठेवला, वेळ लिहिली. शेवटच्या आकड्यावर हात थांबला तो थांबलाच. दुखलं काही नाही. डोळ्यांना खिडकी दिसत होती, तेवढं पुरे होतं.

मैथिलीने केस कानामागे सारले. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. सुलभाला इतका आनंद झाला की रडावंसं वाटलं, पण तीही सोय राहिली नव्हती. वर चढता चढता मैथिलीने खिडकीकडे बघून हात हलवला. थांबली. पुन्हा हलवला.

मग ती खाली उतरली.

जा गं, जा बाई, सुलभा आतल्या आत ओरडत होती. गाडी बॅग घेऊन निघून गेली. लोखंडी जिन्यावर चपला वाजल्या.

"आई?" मैथिलीने तिचा खांदा हलवला. "आई, बाबा असे का उभे आहेत? तू बोलत का नाहीस?"

फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. मैथिलीने आईकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"आई, उचलू?"

सुलभा सगळा जीव एकवटून नाही म्हणाली. मैथिलीने फोन उचलला.

"हॅलो... नाही, मी त्यांची मुलगी... मी? हो, मी सेवेत आहे... परत म्हणायचं? बरं. थांबा हं, लिहून घेते."

तिने आईच्या बोटांतून पेन हळूच सोडवून घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"निरोप क्रमांक नऊ," ती म्हणाली.