बक्षिसांची खोली

पुण्याला मान वर करून बघायला शिकवणारे वास्तुविशारद मुनव्वर साहेब गेले, असं पेपरात मोठ्या अक्षरांत आलं. अठ्ठाविसाव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात मात्र वेगळाच पेच पडला होता. त्यांना खाली न्यायचं कसं?

अंघोळ झाली, कफन झालं. मशिदीतून आणलेली जनाज्याची खाट लिफ्टमध्ये मावेना, म्हणून खाली पोर्चमध्येच थांबली होती.

हडपसरचा हा टॉवर साहेबांचाच. माणूस झोपवून नेता येईल अशी लांब लिफ्ट त्यांनी नकाशात काढली होती. ती विसाव्या मजल्यावर संपते. वरचे फ्लॅट मोठे, वरची माणसं त्याहून मोठी. त्यांना एक खोली जास्त देता यावी म्हणून बिल्डर दिग्विजयने ती जागा मागितली आणि साहेबांनी देऊन टाकली. स्वतःच्या घरात तिथे त्यांनी बक्षिसांची खोली केली. अख्तरबानूने, त्यांच्या बायकोने, तेव्हाच विचारलं होतं, "अहो, उद्या कुणाला आडवं न्यायची वेळ आली तर?"

"लोक इथे राहायला येतात, मरायला नाही," साहेब हसून म्हणाले होते. पुढे हे वाक्य ते भाषणांतही वापरत. टाळ्या पडत.

आता दिग्विजय दारात उभा होता. "वहिनी, चौघं धरतील. लिफ्टमधून उभं नेऊ. मिनिटाचं काम."

"उभं? साइट बघायला निघालेत का ते?" अख्तरबानू म्हणाली. "विसाव्यापर्यंत जिन्याने न्या. पुढे लांब लिफ्ट आहे. साहेब आडवेच जातील."

"हो अम्मी, आडवेच," मुलगा खालिद म्हणाला. "प्रॉमिस."

चादरीत घेऊन माणसं जिन्याने उतरली. जिनाही साहेबांचाच, वळणावर दोघं शेजारी मावत नाहीत. "तिरपं करा," "अरे, डोकं सांभाळा," असे आवाज वर येत राहिले. मग थांबले.

लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा हलू लागला. लिफ्ट खालून पंचविसाव्यावर आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग चोवीस, तेवीस. कुणी दमून खाली चाललं असेल, अशी अख्तरबानूने स्वतःची समजूत घातली.

"खालिद!" तिने जिन्यात हाक मारली. एकाही पावलाचा आवाज नव्हता. लिफ्ट विसाव्यावर न थांबता खाली गेली.

तिला रडू यायला हवं होतं. आली ती संतापाची तिडीक, आणि ती ना दिग्विजयची होती, ना मुलाची. नवऱ्याची होती.

हॉलमध्ये बायका कुराण वाचत बसल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत ती बक्षिसांच्या खोलीत गेली. मधोमध ठेवलेली टॉवरची काचेची प्रतिकृती तिने ओढून कोपऱ्यात सारली, दार लावलं आणि उघड्या फरशीवर आडवी झाली. पाय पुरते पसरले, तरी जागा उरली.