लाटेच्या तळाचं होल

"अहो, नाव तर त्या बाईंचं आहे," पाटी दोनदा वाचून बायको म्हणाली. "तुमचं कुठंय?"

वेल्डर चपला हातात धरून वाळूत उभा होता. समोर पोलादी लाट. तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच आणि आतून पोकळ. शिल्पकारबाईंनी ती कागदावर काढली होती, वेल्डरने चार महिने खपून जोडली होती आणि आजच ती लोकांसाठी खुली झाली होती. तीस वर्षं खिडक्यांचे गज आणि पाण्याच्या टाक्या केल्यावर बायकोला मुद्दाम नेऊन दाखवावं असं काहीतरी पहिल्यांदाच त्याच्या हातून झालं होतं. म्हणून दोन बस बदलून तिला उन्हातान्हात इथवर आणलं होतं.

"सगळं जोडकाम माझं आहे, अगं."

"जोडकाम होय! मला वाटलं, तुम्ही केलीत."

हे मात्र वर्मी लागलं. तो काही बोलणार तेवढ्यात वारा सुटला आणि लाट घुमायला लागली. हूऽऽऽ. खोल, लांबलचक आवाज. गर्दी गप्प झाली. एका आजोबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

वेल्डरची नजर थेट लाटेच्या तळाकडे गेली. पोकळ वस्तू केली की तळाला होल मारायचं, नाहीतर पाणी साचून आतून गंज धरतो, हे उस्तादाने लहानपणीच त्याच्या टाळक्यात बसवलं होतं. बाईंच्या ड्रॉइंगमध्ये होल नव्हतं. पण हाताची सवय! शेवटच्या दिवशी कुणाला न विचारता त्याने ड्रिल चालवलं होतं. टाकीखालच्या पोकळ खांबांना मारतो तसंच, अंगठ्याएवढं. ते खांब वाऱ्याने कधी बोंबलले नाहीत. हिलाच काय झालं कोण जाणे.

"मॅडम, हा आवाज कसा सुचला तुम्हाला?" कुणीतरी शिल्पकारबाईंना विचारलं.

बाईंनी लाटेकडे जरा चमकूनच पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "समुद्राचं दुःख मला पहिल्यापासून ऐकू येत होतं."

म्हणजे बोलणी बसणार नव्हती. वेल्डरला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला.

"अगं, दुःखबिख काही नाही. ते होल आहे. मी मारलंय."

"हळू बोला! लोक काय म्हणतील?"

"खरंच मी मारलंय."

"हो, आणि समुद्र तुमच्या बापजाद्यांनी खणलाय. चला, बस चुकेल."

ती पाठ फिरवून चालू लागली. वेल्डरने चपला खाली टाकल्या, वाळूत गुडघे टेकले, लाटेच्या तळाशी हात घातला आणि होलावर अंगठा दाबला.

आवाज गपकन थांबला.

सगळा किनारा वळून त्याच्याकडे बघू लागला. शिल्पकारबाईंचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकदम कधीच पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे होतं. कान तापले, तरी त्याने अंगठा हलवला नाही.

बायको परत आली. चांगल्या साडीचा विचार न करता त्याच्या शेजारी वाळूत बसली आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"काढा आता," ती हळूच म्हणाली. "लोक थांबलेत तुमच्यासाठी."