पंपवाल्यांची छत्री

"आलं का?"

मी गच्चीवरून तिसऱ्यांदा ओरडलो. खालून उत्तर नाही. छत्रीच्या कडा दोन्ही हातांनी धरून ती केसभर डावीकडे सरकवली आणि पुन्हा घसा ताणला, "अहो काका, आलं का?"

शेवटी कठड्यावरून वाकून पाहिलं. म्हातारा अंगणात उभा होता. मान वर, उजवा हात उंच आणि मूठ घट्ट आवळलेली.

"तोंडाला काय झालंय तुमच्या? मूठ कसली दाखवताय?"

"मूठ म्हणजे नाही," ते म्हणाले. "आलं की पंजा उघडीन."

बावीस वर्षं मी लोकांच्या घरांवर टीव्हीच्या छत्र्या बसवतोय. हे काम दोघांचं. एकाने वर छत्री फिरवायची, एकाने खाली टीव्हीसमोर बसून ओरडायचं. यापायी मी नवरा-बायकोंची एवढी भांडणं पाहिली आहेत की विचारू नका. तो वरून विचारतो, ती 'आलं आलं' म्हणते, ते त्याला ऐकू जाईपर्यंत चित्र गेलेलं असतं आणि मग दोघांच्या माहेर-सासरचा उद्धार होतो. माझ्याकडे त्यासाठी सिग्नल मोजायचा मीटर आहे, पण तो त्या दिवशी रुसून बसला होता. आणि हे गृहस्थ मूठ दाखवत होते.

पण म्हाताऱ्याची अक्कल मला मानावी लागली. त्यांनी टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवला होता. अंगणात एका जागी उभं राहिलं की पडदाही दिसत होता आणि गच्चीही. हे माझ्या डोक्यात बावीस वर्षांत आलं नव्हतं.

त्यांना सगळे पंपवाले म्हणत. वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर एकतीस वर्षं मोटर चालू-बंद करून निवृत्त झालेले. घरात पहिल्यांदाच टीव्ही आला होता, खोक्याचा पुठ्ठा अजून कोपऱ्यात उभा होता.

मी खाली आलो. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. पंपवाले वरच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ही तर भरलीय की. ऐंशी दाखवतेय."

"ती भरणारच. ती एवढंच सांगते की तार नीट जोडलीय. नवीन माणूस हमखास तिला भुलतो. खरी ती खालची पट्टी. ती हलली तर वरून काहीतरी येतंय."

त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे मोटर चालू आहे, पण नळाला पाणी नाही."

"अगदी!" मी म्हणालो. गिऱ्हाइकांना हे समजावताना माझी अर्धी दुपार जाते.

पाणी का येत नव्हतं, तेही मला कळून चुकलं होतं. छत्रीला आकाश मोकळं लागतं. मध्ये साधं झाड आलं तरी तिचं बिनसतं. आणि इथे मध्ये उभी होती चार खांबांवरची पाण्याची टाकी.

"काका, तुमची टाकीच आडवी येतेय."

त्यांनी दारातून टाकीकडे पाहिलं. "ती नाही हलायची," ते म्हणाले. "मी तिला ओळखतो." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. "एकच्या आत होईल ना?"

"एकला काय आहे?"

"बातम्या. मुलगी असते बातम्यांत."

मी चमकलोच. "मग चार घरं सोडून टीव्ही आहेत, तिथे नाही बघितलं?"

"त्यांचे डबे महिन्याच्या पैशांचे. त्यात हे चॅनल नाही. हे फुकटवाल्यातच दिसतं म्हणे. चार महिने झाले तिला तिथे नोकरीला लागून." त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "आणि लोकांच्या खोलीत बसून नको वाटतं. आज छत्री बसतेय, हे तिला फोनवर सांगून ठेवलंय. ती म्हणाली, बाबा, मग एकच्या बातम्या शेवटपर्यंत बघा."

एवढं ऐकल्यावर माणूस जेवायला थोडाच जातो. मी छत्री उचलली आणि गच्चीच्या स्वयंपाकघरावरच्या कोपऱ्यात नेली. तिथून टाकी जेमतेम बाजूला राहत होती. भिंतीला भोकं पाडली, बोल्ट ठोकले, तार ओढली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. खाली मूठ. केसभर उजवीकडे. मूठ. थोडं वर. मूठ.

एकला आठ मिनिटं असताना पंजा उघडला.

आणि लगेच अर्धवट मिटला. बोटं वाकडी करून पंपवाले हात हलवू लागले. खालची पट्टी वर-खाली होतेय, एवढं त्या हातावरून मला वरच कळलं. छत्रीच्या दांडीवरचा तो छोटा डोळा, जो आकाशातलं सगळं झेलतो, तो मी त्याच्या पट्ट्यात थोडा पिळला. खाली दोन्ही पंजे वर गेले.

मी जिना उड्या मारतच उतरलो. डब्याला चॅनल शोधायला लावलं. नावं एकामागून एक उमटू लागली आणि आम्ही दोघं पडद्याला डोळे लावून उभे. हवं ते चॅनल लावलं तेव्हा एक वाजायला मिनिट राहिलं होतं.

बातम्या सुरू झाल्या. निळ्या साडीतली, रुबाबदार बाई बोलू लागली.

"छान आहे हो मुलगी!" मी म्हणालो. "तुमच्यावरच गेलीय."

"ही नाही," पंपवाले म्हणाले. "ती खालची."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट होती. त्यात काळ्या कपड्यांतली एक मुलगी हातांनी खुणा करत होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. इतकी वर्षं ही चौकट मी घरोघरी पाहत आलो होतो, त्यात कोण आहे ते कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"आवाज बंद करा," ते म्हणाले.

मी आवाज बंद केला. पंपवाले टीव्हीच्या इतक्या जवळ बसले की गुडघे मेजाला टेकले.

"हिच्या आईला ऐकू येत नसे," पडद्यावरची नजर न काढता ते बोलू लागले. "बोलताही येत नसे. म्हणून टीव्ही घेतला नाही. तिला आवडायचा नाही. म्हणायची, सगळ्यांची तोंडं हलतात, मला सोडून सगळे बोलतायत." बोटांनी त्यांनी हवेत काहीतरी केलं, बहुधा तेच वाक्य. "मला हे नीट आलंच नाही कधी. तोडकंमोडकं. तिचं सगळं मला ही पोरगी सांगायची. एवढीशी होती तेव्हापासून. दोन वर्षं झाली तिची आई जाऊन. आता आम्ही फोनवर बोलतो. बोलतो म्हणजे काय, जेवलात का, जेवलो."

"आता काय सांगतेय?"

"कुठेतरी पूल खचलाय." ते पुढे झुकले. "बघा, उजवा हात जरा उशिरा थांबतो. आईचाही तसाच थांबायचा."

मी बघत राहिलो. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण उठवत नव्हतं.

वीस मिनिटांनी बातम्या संपल्या. वरच्या बाईने कागद गोळा केले. कोपऱ्यातल्या मुलीने हात जुळवून खाली घेतले. मग चित्र बदलण्याच्या अगदी आधी तिने दोन्ही मुठी छातीसमोर धरल्या आणि चटकन अर्धा वळसा दिला. जड चाक फिरवावं तसा. आणि चौकट गेली.

"हे काय होतं? पाण्याची बातमी?"

पंपवाल्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने तो पुसला. मग म्हणाले, "ते माझं नाव."

मला समजलं नाही.

"हिच्या आईला माझं नाव घेता येत नव्हतं. म्हणून हे. टाकीवर मी व्हॉल्व्हचं चाक फिरवायचो ना, ते. या घरात मला एवढंच नाव होतं. दोन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. पडद्यावर जाहिरात लागली होती, सगळ्यांची तोंडं हलत होती.

वरचे नट पक्के करायचे राहिले होते. घाईत मी ते नुसते अडकवून ठेवले होते. मी पाना घेऊन गच्चीवर गेलो. नट आवळताना छत्री हलते, म्हणून पुन्हा विचारावं लागतं. पंपवाले आपणहून अंगणात येऊन उभे राहिले होते, पण तोंड घराकडे. टीव्हीकडेच बघत होते.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याही मुठी छातीसमोर आल्या होत्या. मग वाटलं, नको. ते घरातलं नाव आहे, आपण कोण? मी मुठी खाली घेतल्या, वाट पाहिली. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच वळून वर बघितलं. मी नुसता पाना हलवला.

त्यांनी हात उंच केला आणि पंजा उघडला. मी शेवटचा नट आवळला.